एसईओचं सहा महिन्यांचं पॅकेज: दोन स्टार, त्यातला दुसरा कशाचा ते शेवटी सांगते

पुण्यात पेरूगेटजवळ आमचं छोटंसं दुकान आहे, थालिपीठाची भाजणी, उपवासाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला. सासूबाईंनी घरातून चालू केलेलं, आता मी बघते. वेबसाईट होती पण त्यावर महिन्याला चार-पाच ऑर्डरी, त्यातल्या दोन नणंदेच्या. म्हणून बाणेरच्या एका एजन्सीचं एसईओचं, म्हणजे गुगलवर शोधल्यावर साईट वर दिसावी यासाठीचं पॅकेज घेतलं. नाव लिहीत नाहीये कारण आमचं डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, अजून त्यांच्याकडेच आहे, त्यावर येतेच. महिना १२,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १४,१६०, सहा महिन्यांचे झाले ८४,९६०. एवढ्यात दोन घरघंट्या आल्या असत्या असं सासूबाई अजून ऐकवतात.

कबूल केलेलं काय, तर ९० दिवसांत ४० कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाईप करतात ते शब्द, गुगलच्या पहिल्या पानावर, लेखी गॅरंटी. चूक माझी इथेच झाली. गुगलने स्वतःच्याच हेल्प पेजवर लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कुणीही देऊ शकत नाही, आणि फरक दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं. मी ते वाचलं पैसे भरल्यावर.

पहिल्या महिन्याच्या शेवटी एक मुलगा रिपोर्ट घेऊन दुकानात आला, आला म्हणजे आधी पाऊण तास पार्किंग शोधत फिरला बिचारा. माझ्याच फोनवर आमच्याच दुकानाचं नाव टाईप केलं आणि म्हणाला बघा मॅडम, नंबर वन. सासूबाई गिऱ्हाईकाला मेतकूट तोलून देत होत्या, तिथूनच म्हणाल्या, "अरे पण आमच्या नावाने शोधल्यावर आम्ही नाही तर काय चितळे येणारेत?" त्याला काही सुचलं नाही, चहा घेऊन गेला.

बाकीचे कीवर्ड मी नंतर नीट बसून बघितले. रोस्टेड मल्टीग्रेन फ्लोअर सप्लायर सदाशिव पेठ. भाजणीला असं म्हणून कोण शोधतं हो? पण गंमत अशी की कुणीच शोधत नाही म्हणून तिथे स्पर्धाच नाही, त्यामुळे पहिला नंबर मिळतो, रिपोर्टमध्ये हिरवा बाण वर जातो आणि गॅरंटीपण बरीचशी पूर्ण होते. कागदावर ते खरंच बोलत होते. ४० पैकी ३१ पहिल्या पानावर आले आणि त्या ३१ वरून सहा महिन्यांत एक ऑर्डर नाही.

बिलात एक ओळ होती मेटा कीवर्ड ऑप्टिमायझेशन, म्हणजे पानाच्या कोडमधल्या एका टॅगमध्ये कीवर्डची यादी भरणं. हा टॅग आम्ही रँकिंगला वापरत नाही असं गुगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. आणि महिन्याला २०० बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्या साईटींवरून आमच्याकडे येणाऱ्या लिंका. त्यांची यादी मागितली तर आधी टाळाटाळ, मग एक्सेल शीट आली, त्यात कसिनो, परदेशातल्या कुठल्यातरी डिरेक्टऱ्या, एक तर कुत्र्यांच्या औषधांची साईट. असल्या लिंकांवर गुगलने एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन अपडेट, म्हणजे निकालांचा क्रम लावायच्या पद्धतीतला बदल, आणलं तेव्हा लोकांच्या साईटी धडाधड खाली गेल्या होत्या, आणि २०१६ पासून तर तो भाग मुख्य अल्गोरिदममध्येच आहे, तेव्हापासून असल्या लिंका बहुतेक वेळा मोजतच नाहीत. म्हणजे नुकसान झालं नसेल कदाचित पण पैसे मुठा नदीत सोडल्यासारखेच.

जे करायला पाहिजे होतं ते मात्र तसंच पडलेलं. आमच्या साईटच्या प्रत्येक पानाचं टायटल, म्हणजे गुगलच्या यादीत दिसणारं नाव, होतं 'होम'. भाजणीच्या पानाचं होम, मेतकुटाचं होम. फोटो मीच फोनवर काढलेले, एकेक पाच-सहा एमबीचा, मोबाईलवर साईट उघडेपर्यंत माणूस थालिपीठ लावून मोकळा होईल. पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा हा गुगलचा निकष, आमचा येत होता अकरा. हे गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये साईटचा पत्ता टाकला की फुकट दिसतं.

गुगल मॅपवरच्या प्रोफाईलमध्ये तर त्यांनी वेळ टाकली २४ तास उघडे, का तर म्हणे त्याने जास्त लोकांना दिसतं. आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री साडेअकराला फोन, मी दुकानासमोर उभा आहे, शटर का बंद आहे? कर्वेनगरहून आलेला माणूस. तो चिडून एक स्टार देऊन गेला आणि मला त्याची बाजू पटते. वर एजन्सीचं म्हणणं, मॅडम आपण ५० चांगले रिव्ह्यू टाकून घेऊ, वेगळा चार्ज पडेल. नाही म्हटलं. खोटे रिव्ह्यू गुगलच्या नियमात बसत नाहीत हा एक भाग, पण आमच्या गल्लीत सगळे सगळ्यांना ओळखतात, कोण कुठला हे लोक लगेच काढतात.

सहा महिने संपल्यावर भाचा एका रविवारी लॅपटॉप घेऊन बसला आणि गुगलचं सर्च कन्सोल उघडून दिलं, हेही फुकट, मागचा सोळा महिन्यांचा डेटा त्यात राहतो. लोक खरंच काय टाईप करून आपल्यापर्यंत येतात ते तिथे दिसतं. उपवासाची भाजणी, मेतकूट पुण्यात कुठे मिळेल, थालिपीठ भाजणी १ किलो किंमत. काही मराठीत, बरेचसे इंग्रजी अक्षरांत, आणि त्या थालिपीठाच्या स्पेलिंगचे तर इतके प्रकार की हसू आवरेना. यातला एकही शब्द त्या ४० मध्ये नव्हता, मल्टीग्रेन फ्लोअर कुणीच विचारलेलं नव्हतं. मग टायटलं बदलली, किलोचा भाव पानावरच लिहिला, फोटो दीडशे-दोनशे केबीवर आणले, दुकानाची खरी वेळ टाकली, दुपारच्या सुट्टीसकट. काउंटरवर रिव्ह्यूचा क्यूआर कोड लावला, डिस्काउंट वगैरे काही न देता कारण तेही चालत नाही. मॅपवर वर यायला गुगल तीनच गोष्टी सांगतं, शोधलेल्या गोष्टीशी दुकान किती जुळतं, किती जवळ आहे आणि किती नावाजलेलं आहे, पैसे भरून तिथे वर जाता येत नाही. जवळ असणं काही आपल्या हातात नाही, चिंचवडच्या माणसाला आम्ही दिसत नाही तर नाही. आता महिन्याला २५ च्या आसपास ऑर्डरी येतात, श्रावणात जास्त. फार नाहीत, पण नणंदेच्या धरलेल्या नाहीत.

आता डोमेन. वेबसाईटच्या होस्टिंगचं आम्ही बघतो म्हणाले आणि रिन्यू करताना डोमेन त्यांच्या ईमेलवर घेतलं, मी ओटीपी सांगितला, हो मीच सांगितला. आता दुसरीकडे हलवायला ऑथ कोड लागतो तो मागून दोन महिने झाले, आज देतो उद्या देतो चाललंय. कुणाला काम दिलंत तर डोमेन, सर्च कन्सोल आणि मॅपचं प्रोफाईल तिन्हीचे मालक तुम्हीच राहा, त्यांना फक्त मॅनेजर किंवा युजर म्हणून घ्या, काम संपलं की काढून टाकता येतं.

तर दोन स्टार. पहिला, त्याच्या खाली देता येत नाही म्हणून. दुसऱ्याची गोष्ट अशी की पॅकेजमध्ये महिन्याला चार ब्लॉग होते, कुठल्यातरी एआयकडून इंग्रजीत लिहून घेतलेले, आणि त्यातल्या एकात भाजणी म्हणजे महाराष्ट्रातली स्त्रियांनी गायची भक्तिगीतं असं लिहिलेलं. भाजून दळतात म्हणून भाजणी, हे विचारायला कुणी फोन पण केला नाही. तो ब्लॉग मी काढायला विसरले आणि गणपतीच्या आधी धायरीहून एका काकूंचा फोन आला, तुमचं मंडळ सुपारी घेतं का, सोसायटीत भजन ठेवायचंय. सासूबाईंनी फोन घेतला, वीस मिनिटं बोलल्या, भजनाला आपल्या भिशीतल्या बायका लावून दिल्या आणि काकूंना प्रसादानंतरच्या थालिपीठांसाठी सहा किलो भाजणी विकली. एजन्सीच्या कामातून आलेली ती एकमेव ऑर्डर.