मूळ डबा घ्यावा की ‘मॅच’ ब्लेंड?

‘थ्री नन्स’ या पाइपच्या तंबाखूचा जुना डबा ज्यांनी ओढलाय, त्यांच्या जिभेवर पेरीक या दाबून आंबवलेल्या तंबाखूची ती मनुकांसारखी, किंचित मिरमिरणारी चव कायमची बसलेली असते. पुढे त्याच नावाने जो डबा आला, त्यातल्या गोल चकत्या तशाच दिसत होत्या, पण पेरीक गेली होती आणि तिच्या जागी शेकोटीच्या धुरावर वाळवलेलं केंटकी पान आलं होतं. नाव तेच, तंबाखू वेगळी. प्रसिद्ध मिश्रणाची नक्कल लोक का शोधतात, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. त्यांना हवी असते ती जुनी चव, आणि ती कधी कधी दुसऱ्याच नावाच्या डब्यात सापडते.

‘मॅच’ म्हणजे बनावट माल नव्हे. बनावट डब्यावर दुसऱ्याचं नाव चोरलेलं असतं. मॅच ब्लेंड विकणारा उघड सांगतो की हे अमक्या मिश्रणाच्या चवीजवळ जाण्यासाठी बांधलंय. अमेरिकेतल्या सटलिफ कंपनीने तर ‘मॅच’ हा शब्द थेट नावातच घालून अशी मिश्रणं सुटी विकली.

मूळ मिश्रण अजून बनत असेल तर मी डोळे मिटून मूळच घ्या म्हणेन. त्याआधी फक्त नावाचा माग काढा. 2018च्या सुमारास डनहिल या इंग्रजी कंपनीच्या नावाने पाइपची तंबाखू येणं थांबलं, तेव्हा तिच्या ‘नाइटकॅप’ या मिश्रणाची नक्कल शोधायला बरीच धावाधाव झाली. तिची गरज नव्हती. तीच मिश्रणं पीटरसन या पाइप बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने परत आली आणि बनवणारे डेन्मार्कमधले तेच राहिले. शिवाय डनहिलचं नाव असतानाही कारखाना लंडनहून बेलफास्टला आणि तिथून डेन्मार्कला गेला होता. त्यामुळे ‘मूळ’ म्हणजे यातलं नेमकं कुठलं, हे आधी स्वतःशी ठरवा.

मूळ मिश्रण बंदच झालं असेल तर खरा पेच पडतो. कॅन्सस सिटीच्या मॅक्लेलँड कंपनीने 2018 मध्ये काम थांबवलं, कारण त्यांना हवं तसं लाल व्हर्जिनिया पान मिळेना. आता त्यांचे जुने सीलबंद डबे हातोहात फिरतात, मूळ किमतीच्या कितीतरी पटीने. इतके पैसे मोजून जे हाती येतं, तेही तुम्ही पूर्वी ओढलेलं नसतं. व्हर्जिनिया डब्यात मुरत जाते, तिच्यातली साखर बदलते, चव खोल होते. लटाकिया या धुरी दिलेल्या काळ्या पानाचा धूर मात्र वर्षांनुवर्षं ओसरत जातो. त्यात झाकणाला गंज लागून हवा शिरली असेल तर आत नुसता भुगा. एखाद्या खास दिवसासाठी असा एक डबा जरूर घ्यावा, पण रोजच्या पाइपसाठी त्याच्या मागे लागू नये.

नक्कल कितपत जमते, हे पानावर ठरतं. सुगंधी मिश्रणं सर्वांत चांगली जमतात, कारण त्यांची ओळख वरून दिलेल्या अर्कात असते आणि खालचं काळं कॅव्हेंडिश, म्हणजे वाफवून दाबलेलं गोडसर पान, बहुतेकांकडे सारखंच असतं. इथे मॅच निर्धास्त घ्या.

लटाकियाच्या मिश्रणांत गोष्ट गुंतागुंतीची होते. ‘बाल्कन सोब्रानी’ची जितकी नक्कल झाली तितकी क्वचितच कुणाची झाली असेल. तिच्यात उत्तर ग्रीसमधलं येनिजे पान असायचं, आणि तेच आज मिळणं मुश्किल. 2011 मध्ये जर्सी बेटावरच्या जे. एफ. जर्मेनने ती पुन्हा आणली, तरी जुने ओढणारे त्या डब्यावर आणि नकलांवर सारखेच वाद घालत राहिले. सीरियन लटाकियाही आता जवळपास नाहीच. सायप्रसची असते ती धुराने जास्त भरलेली, चामड्याच्या वासाकडे झुकणारी. म्हणून अशा मॅचमध्ये धूर बरोबर येतो आणि धुरामागचा नाजूक, आंबूस फुलोरा राहून जातो.

हे डोळ्यांनीही दिसतं. मी मूळ आणि मॅच या दोन्हींची एकेक चिमूट पांढऱ्या कागदावर पसरतो आणि टूथपिकने धागे वेगळे करतो. काळे लटाकियाचे, पिवळे आणि विटकरी व्हर्जिनियाचे, हिरवट तपकिरी येनिजेसारख्या ओरिएंटल पानाचे. ज्या नकलेत काळे धागे मूळपेक्षा ठळकपणे जास्त आणि हिरवट जवळजवळ नाहीत, तिथे बांधणाऱ्याने ओरिएंटलची उणीव धुराने झाकलेली असते. पाइप न पेटवताच निम्मा निकाल लागतो.

दाबून बनवलेल्या व्हर्जिनिया फ्लेकची, म्हणजे पातळ कापांच्या तंबाखूची, नक्कल मात्र मी सुचवणार नाही. तिथे चव येते ती वाफेतून, दाबातून आणि वेळेतून. मॅक्लेलँडचा डबा उघडल्यावर येणारा तो व्हिनेगरसारखा आंबट वास कुणाला हुबेहूब जमलेला मला तरी आढळला नाही. अशा वेळी नकलेपेक्षा दुसरी एखादी चांगली फ्लेक तिच्या स्वतःच्या गुणांवर आवडून घ्यावी.

किमतीत सुटी मॅच बहुधा स्वस्त पडते, आणि इथे जपून राहायला हवं. नक्कल म्हणून तंबाखू सौम्य होत नाही. निकोटीन आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींत तोच. स्वस्त आहे म्हणून दिवसाला दोन पाइप वाढणार असतील तर महागडा मूळ डबाच परवडला.

मॅच घ्यायची ठरलीच तर आधी थोडीच घ्या. तिच्यासाठी लटाकियाचा वास न बसलेला पाइप ठेवा, तंबाखू अर्धा तास कागदावर सुकू द्या. पहिल्या पाइपवरून काहीच ठरवू नका, कारण तेव्हा जीभ फक्त फरक शोधत असते. चौथ्या-पाचव्या पाइपला मूळ मिश्रणाची आठवण न काढता तुम्ही शांतपणे ओढत बसला असाल, तर मोठी पिशवी मागवायला हरकत नाही.