दुर्बिणीतून हर्निया, जाळीला एकही टॅकर नाही: आठ महिन्यांनंतर

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत लेथवर उभं राहून माझी 27 वर्षं गेली. हर्नियाचं भोक झाकायच्या जाळीबद्दल डॉक्टर म्हणाले, "जाळी आत नुसती पसरायची, अडकवायची नाही." माझ्या तोंडून निघालंच, "साहेब, बोल्टाशिवाय मशीनवर जॉब टिकतो का?"

उजव्या जांघेतला हर्निया, इनडायरेक्ट (जांघेतल्या मूळच्या वाटेनं बाहेर आलेला), मध्यम आकाराचा. ऑपरेशन गंगापूर रोडला झालं, टीईपी पद्धतीनं. म्हणजे पोटाच्या पोकळीत शिरायचंच नाही. स्नायू आणि आतला पडदा यांच्यामधली जागा गॅसनं फुगवून तिथेच काम करायचं. पूर्ण भूल, तीन भोकं, 15 बाय 10 सेंटिमीटरची पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची जाळी.

भीती जाळी न अडकवण्याची होती, तशी अडकवण्याचीही. सातपूरच्या आतेभावाची जाळी काही वर्षांपूर्वी टॅकरनं बसवली होती (कुठे, ते राहू द्या). टॅकर म्हणजे टायटॅनियमचा, स्प्रिंगसारखा इवलासा स्क्रू. हर्निया परत आला नाही, पण मांडीच्या बाहेरच्या बाजूला त्याला अजून जळजळतं. त्या खिशात तो मोबाइलसुद्धा ठेवत नाही. मांडीकडे जाणाऱ्या नसा जांघेच्या बाहेरच्या भागातून जातात, तिथे टॅकर मारायचाच नसतो. त्याच्या दुसऱ्या डॉक्टरांनी संशय त्यावरच घेतला.

मग न अडकवता जाळी राहते कशी? डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. जाळी हर्नियाच्या भोकाच्या आतल्या बाजूला असते. खोकलो, जोर केला की पोटातला दाब तिला बाहेर ढकलत नाही, स्नायूवर दाबून धरतो. सौ. म्हणाली, "म्हणजे आपल्या कुकरसारखं, झाकण आतून लागतं." अगदी तेच. पुढच्या काही आठवड्यांत शरीराचं मांस जाळीच्या छिद्रांतून वाढतं आणि तेच तिला धरतं. खरी कसोटी टेबलावर असते: जाळी पुरेशी मोठी हवी, सपाट हवी, आणि शेवटी गॅस सोडताना खालची कड दुमडत तर नाही ना, हे बघत बसायचं. फिटिंग नीट असेल तर बोल्ट कमी लागतात, हे मला कोणी शिकवायला नको होतं.

पण हे सरसकट नाही. डायरेक्ट हर्निया (पोटाची भिंतच कमकुवत होऊन सरळ बाहेर आलेला) 3 सेंटिमीटरपेक्षा मोठा असेल तर जाळी त्या भोकात ढकलली जाण्याची भीती असते, तिथे अडकवतात. माझ्या डॉक्टरांनीही टॅकर तयार ठेवला होता, "आत बघून ठरवू" म्हणून. उघडला नाही, त्यामुळे बिलातही आला नाही. टॅकर मारायची बंदूक एकदाच वापरायची, स्वस्त नसते.

त्रास झालाच नाही असं नाही. पहिल्या रात्री लघवी अडली, नळी घालावी लागली. दुसऱ्या आठवड्यात त्याच जागी फुगवटा. मी हादरलोच, जाळी सरकली म्हटलं! डॉक्टरांनी खोकायला लावलं. फुगवटा हलला नाही, म्हणजे हर्निया नव्हे. साठलेलं पाणी होतं, दीड महिन्यात आपोआप जिरलं.

चौथ्या आठवड्यात कामावर गेलो, लेथचा जड चक (जॉब पकडणारा भाग) उचलायला मात्र पोरांना सांगायचो. दोन महिन्यांनी मोटरसायकल, पाचव्या महिन्यात पांडवलेणीच्या पायऱ्या, खाली टपरीवर चहा. आता थंडीत सकाळी उठताना जरा ओढ लागते, बास.

एक तक्रार आहे. डिस्चार्ज कार्डावर फक्त "मेश रिपेअर" एवढंच होतं. परत जाऊन लिहून घेतलं: जाळीचा आकार, कंपनी, टॅकर नाही. जाळीच्या डब्यावरचा स्टिकरही मागितला. तो आता फाइलमध्ये आहे, मशीनच्या वॉरंटी कार्डाशेजारी.