बाथरूमचा ढाळ आणि इपॉक्सी ग्राउट: आठ महिने वापरल्यावर

फरशी, नळ, शॉवर यांचं दुकानदार सांगतोच. मी लिहितोय ढाळाबद्दल, म्हणजे पाणी जाळीकडे जावं म्हणून फरशीला द्यायच्या उताराबद्दल. साताऱ्यात गोडोलीतल्या जुन्या घराचं बाथरूम गेल्या दिवाळीआधी नवं केलं आणि पहिल्याच आंघोळीला पाणी जाळी सोडून दाराकडे निघालं. मिस्त्री म्हणाला, "दादा, वापरून वापरून बसंल." पोराची गोटी जाळीपाशी ठेवून बघितली. आरामात उंबऱ्याला येऊन टेकली.

दोन महिने वायपर मारला. बाथरूम एक, वायपर तीन! मग हॉलच्या भिंतीचा रंग वीतभर फुगला, तेव्हा फोडायचं ठरवलं. ठेकेदार फोन उचलेना. शेवटचे सहा हजार दिले नव्हते, तेवढंच माझं शहाणपण.

दुसरा मिस्त्री कोरेगावकडचा. त्याने आधी पाणसळ (पातळी बघायचं साधन) लावली. पाच फुटांत पाव इंच ढाळ, तोही उलटा. ऐंशीस एक, म्हणजे ऐंशी इंचांत एक इंच धरला तर पाऊण इंच हवा. शिवाय दोन बाय दोनची फरशी; कोपऱ्यातल्या जाळीकडे दोन्ही बाजूंनी उतरवायची तर तिरकी कापावी लागते. ती फरशी मीच पसंत केली होती, सांधे कमी म्हणून. आता एक बाय एकची, खरखरीत. फरशीखालचा कोबा काढून नवा ढाळ, वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, मग जाळीत बोळा कोंबून गळती बघायला दोन दिवस पाणी तुंबवलं आणि त्यानंतरच फरशी. पहिल्या मिस्त्रीने हे केलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

सांधे वाढले म्हणून त्याने त्यांत भरायला इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी राळेचं) सुचवलं. सिमेंट ग्राउटच्या कितीतरी पट महाग. त्यात हेल्परने पुसायला उशीर केला. कालवल्यावर तासाभरात ते घट्ट व्हायला लागतं. फरशीवर पांढरट साय राहिली. त्या आठवड्यात मी इपॉक्सीला पाचपैकी एक तारा दिला असता.

आता चार देतो. सांध्यांत साबणाचा मळ धरत नाही, रंग पहिल्या दिवसासारखा आहे. पावसाळा गेला, भिंत कोरडी. पाचवा तारा त्या सायीने खाल्ला. सकाळचं ऊन तिरकं आलं की कमोडमागे अजून दिसते.

परवा पहिल्या ठेकेदाराचा फोन आला, सहा हजारांसाठी. म्हटलं, वायपरचे पैसे वजा करून बघतो.