उथळ गाठींच्या इलेक्ट्रॉन उपचारासाठी माँटे कार्लो मोड्यूल : परीक्षण

मुंबईतील आमच्या किरणोपचार विभागात प्लॅनिंग सिस्टीमला (किरणांचा डोस संगणकावर आखणाऱ्या प्रणालीला) जोडलेले इलेक्ट्रॉन माँटे कार्लो मोड्यूल, म्हणजे असंख्य कणांचे प्रवास यादृच्छिक पद्धतीने आजमावून डोस काढणारा भाग, आता रोजच्या वापरात आहे, आणि नाक, कान किंवा स्तन काढल्यानंतरची छातीची भिंत अशा उंचसखल जागांसाठी ते घ्यावेच, असे माझे मत झाले आहे.

इलेक्ट्रॉन किरण ठरावीक खोलीपलीकडे जात नाहीत, म्हणूनच उथळ गाठींसाठी ते निवडले जातात. एमईव्हीमधील (किरणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) ऊर्जेला 3.2 ने भागले की सर्वाधिक डोसच्या 90 टक्के डोस जिथे मिळतो ती खोली सेंटीमीटरमध्ये साधारण मिळते; 9 एमईव्हीला ती 2.8 सेंटीमीटरच्या आसपास येते. मात्र हा हिशेब सपाट पृष्ठभागाचा आणि पाण्यासारख्या एकजिनसी ऊतीचा आहे. हॉगस्ट्रॉम यांनी 1981 मध्ये मांडलेली पेन्सिल बीम पद्धत, म्हणजे झोताचे अनेक बारीक शलाकांमध्ये भाग पाडून डोस काढणारी जुनी पद्धत, सीटीवरील घनता विचारात घेते खरी, पण प्रत्येक बारीक शलाकेखालचे थर बाजूंना तसेच पसरलेले आहेत असे धरून चालते. त्यामुळे हवेची पोकळी आणि कूर्चा जिथे भिडतात, तिथे बाजूला विखुरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब चुकतो. हे मोड्यूल कणांचा प्रवास आणि त्यांचे विखुरणे टप्प्याटप्प्याने मोजते. नाकाच्या एका प्लॅनमध्ये पोकळीमागे साचणारा जादा डोस त्यात स्पष्ट दिसला. नाकपुडीत ओला गॉझ भरून पुन्हा सीटी काढल्यावर तो लक्षणीय उतरला. एवढ्यासाठीही हा खर्च मला योग्य वाटतो.

उणिवाही गंभीर आहेत. सांख्यिकीय अनिश्चितता निम्मी करायची तर चौपट कण लागतात, म्हणजे वेळही चौपट. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरून उपचाराची वाट पाहणाऱ्या रुग्णासाठी प्लॅन लवकर हवा असतो, आणि अशा घाईत कण कमी ठेवून स्मूदिंग (आलेखातले चढउतार संगणकाने सपाट करणे) वाढवण्याचा मोह होतो. मग आलेख गुळगुळीत दिसतो, पण खरा तीव्र चढउतारही पुसला जातो. एखादा बिंदू निव्वळ अनिश्चिततेमुळेही सर्वाधिक दिसू शकतो, म्हणून डोसचे प्रमाणीकरण एकाच सर्वाधिक बिंदूवर करणेही टाळावे.

लहान कटआउटबाबत (झोताला आकार देणाऱ्या धातूच्या पट्टीतील खिडकीबाबत) मी अधिक सावध आहे. 12 एमईव्हीला त्रिज्या साधारण 3 सेंटीमीटरच्या खाली गेली की बाजूच्या विखुरणाचा समतोल मोडतो, प्रत्येक मॉनिटर युनिटमागे (यंत्रातून सोडलेल्या किरणांचे मोजमाप) मिळणारा डोस घटतो आणि सर्वाधिक डोसची खोली त्वचेकडे सरकते. मोड्यूल हा बदल बऱ्यापैकी पकडते, तरी अशा प्रत्येक कटआउटचे मोजमाप फँटममध्ये (शरीराऐवजी वापरल्या जाणाऱ्या नमुन्यात) लहान डिटेक्टरने करूनच आम्ही उपचार सुरू करतो. बोलसही (त्वचेवर ठेवायचा ऊतीसारखा थर) सीटीच्या वेळीच लावलेला असावा, कारण त्याखाली राहिलेली हवा केवळ संगणकावर काढलेल्या बोलसमध्ये दिसणार नाही.

सपाट जागेवरील केलॉइडसाठी (जखमेच्या वणावर वाढलेल्या जाड ऊतीसाठी) मात्र कोष्टकावरून केलेला हाताचा हिशेब पुरतो. जिथे बहुतेक काम तेवढेच आहे, त्या विभागाने हा पैसा आधी चांगल्या डिटेक्टरवर खर्च करावा.