डिजिलॉकर: आठ महिन्यांनंतर

डिकीतलं आरसी बुक पहिल्याच पावसात भिजून त्याचा पापड झाला, त्या दिवशी डिजिलॉकर हे कागदपत्रं फोनमध्ये ठेवायचं सरकारी ॲप डाउनलोड केलं. ते २०१५ पासून आहे. मीच उशिरा जागा झालो.

आरसी पाच मिनिटांत फोनमध्ये आलं. लायसन मात्र येईना. लायसनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव. माणूस एकच, पण नोंदी दोन. नाव दुरुस्त करायला तीन हेलपाटे झाले. तुम्हीही आधी सगळ्या कागदांवरचं नाव एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा, विशेषतः आडनाव पुढे असलेली दहावीची मार्कशीट.

आता मुद्द्याची गोष्ट. ॲपमध्ये कागद दोन प्रकारचे असतात. 'इश्यूड' म्हणजे ज्या खात्याने कागद दिला त्याच्याकडून थेट आलेला, आणि 'अपलोडेड' म्हणजे आपण फोटो काढून चढवलेला. २०१७ च्या नियमदुरुस्तीने मूळ कागदाची बरोबरी मिळाली ती फक्त पहिल्याला. रेल्वेनेही २०१८ मध्ये आधार आणि लायसन ओळखपत्र म्हणून मान्य केलं, तेही इश्यूड असेल तरच. मी चार महिने आधारचा स्कॅन केलेला फोटो घेऊन फिरत होतो. टीसीने हे समजावून सांगितलं, तेही न चिडता.

नाक्यावर हवालदाराने लायसन मागितलं, मी फोन पुढे केला. त्यांनी क्यूआर स्कॅन केला आणि "चला" म्हणाले. एवढंच. खिशात हात घालून पाकीट उलटंपालटं करणं नाही.

एका सरकारी कचेरीत मात्र उलटा अनुभव. खिडकीतल्या बाईंनी स्क्रीन नीट पाहिली, मान डोलावली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, आता याची झेरॉक्स जोडा." फोनची झेरॉक्स! शेवटी पीडीएफची प्रिंट काढली, त्यावर सही केली, तेव्हा अर्ज आत गेला. फाईलमध्ये टाचायला कागद हवा, त्याला त्या तरी काय करणार.

तरीही गाडीसाठी आणि प्रवासासाठी मी आता फाईल बाळगत नाही. मूळ कागद कपाटातच राहतात.

गेल्या महिन्यात आईचं खातं काढायला बसलो. तिच्या आधारला मोबाइल नंबर जोडलेला निघाला मामाचा. ओटीपी त्याच्याकडे जातो. तो चष्मा शोधून मेसेज वाचून दाखवेपर्यंत मुदत संपते. तीनदा झालंय. येत्या रविवारी तो घरीच येणार आहे.