सोनं खरं, नाणं खोटं

पोलंडचा शेवटचा राजा स्टानिस्वाव्ह आउगुस्त पोन्यातोव्स्की याच्या काळातला सोन्याचा डुकाट (युरोपातलं जुनं नाणं) कोणी विकायला आणला, तर व्यवहाराआधी हे वाचा. माझे अडीच लाख गेले आहेत आणि विकणारा अजून कोल्हापूर-सांगली भागात फिरतो आहे.

त्याची हकीकत अशी: कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची पोलिश निर्वासितांची छावणी उठली, तेव्हा तिथल्या एका बाईने हे नाणं त्याच्या आजोबांना दिलं. छावणी खरीच होती. 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका-मुलं, तिथे राहिली. आमच्या भागात त्यांच्या आठवणी अजून निघतात, म्हणूनच ही थाप इथे खपते. सैबेरिया-कझाकस्तानात हद्दपार झालेली, घरदार गमावून इराणमार्गे आलेली ती माणसं. त्यांच्या नावावर कोणी धंदा करावा, याचा संताप मला पैशांपेक्षा जास्त आहे.

नाण्यावर 1791 साल, लॅटिन अक्षरं, वजन साडेतीन ग्रॅम. “तुमच्या सराफाकडे तपासून घ्या,” असं तो स्वतःच म्हणाला. खरी मेख इथेच आहे. सराफाच्या यंत्राने 91.6 टक्के सोनं दाखवलं, म्हणजे आपलं दागिन्यांचं 22 कॅरेट. सराफाने त्याचं काम चोख केलं; सोनं आहे का, एवढंच त्याला विचारलं होतं.

पण डुकाट 22 कॅरेटचा नसतोच. युरोपभर शतकानुशतकं तो जवळजवळ शुद्ध सोन्याचा पाडला जाई, हजारात सुमारे 986 भाग, आणि वॉर्सॉच्या टाकसाळीतले पोन्यातोव्स्कीचे डुकाटही त्याच कसाचे. तेव्हा यंत्रावर 91.6 दिसलं की समजावं, इथलेच दागिने वितळवून नाणं ओतलं आहे. एका जाणत्या संग्राहकाने भिंगाखाली बाकीचंही दाखवलं: अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर बारीक छिद्रं, काठावर कानस फिरवल्याच्या खुणा. ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरं झिजली तरी अशी मऊ, फुगीर दिसत नाहीत.

जाब विचारल्यावर उत्तर तयार होतं: “उठावाच्या काळात सोनं कमी कसाचं वापरायचे.” अर्धसत्य आहे हे. 1794 मध्ये पोलंडचा सेनानी कोशचुश्को याच्या रशियाविरुद्धच्या उठावात हलक्या कसाची सोन्याची नाणी पाडली गेली, पण ती तीन आणि दीड डुकाटांची. मोठं बारा ग्रॅमच्या वर, लहान सहाच्या वर. 1791 च्या एकेरी डुकाटाशी त्यांचा संबंध नाही. एवढी माहिती ज्याला आहे, तो अजाणता फसलेला वारस नव्हे.

आणि पावती! तिच्यावर फक्त ‘सोन्याचं नाणं, 3.5 ग्रॅम’ एवढंच आहे. त्या शब्दांपुरतं त्याने दिलं ते बरोबरच, आणि त्यामुळेच माझ्या तक्रारीचं घोडं अडलं आहे. राजाचं नाव, साल, टाकसाळ आणि ‘बनावट ठरल्यास पूर्ण रक्कम परत’ हे पावतीवर लिहून मिळत नसेल, तर सरळ उठून या. सोन्याच्या भावावर जो काही पैसा जास्त मागतात, तो या चार गोष्टींचाच असतो.

गेल्या महिन्यात सांगलीच्या एका गृहस्थांनी मला त्यांच्या नाण्याचे फोटो पाठवले. तेच 1791 साल, तीच वळिवड्याची बाई, आणि राजाच्या नावाखाली माझ्या नाण्यावर आहे तोच, त्याच जागी खळगा. दोन्ही नाणी एकाच साच्यातली आहेत. दोन्हींचे फोटो शेजारी-शेजारी लावून आम्ही पोलिसांना दिले आहेत. तुम्हालाही असं नाणं कोणी दाखवलं असेल, तर तो खळगा आधी शोधा.