300 जीएसएम कॉटन कागद: मराठवाड्याच्या उन्हापावसात निसर्गचित्रं शिकताना आलेला अनुभव

आपल्याकडे जलरंग शिकायचे असतील तर रंग आणि ब्रशवर नंतर खर्च करा, आधी कागद चांगला घ्या. संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडीठाक असते. साध्या लगद्याच्या कागदावर आकाशाचा वॉश (पाणीदार रंगाचा सलग पातळ थर) निम्म्यावर येईतो वरचा भाग वाळून गेलेला असतो. तिथे कडक कड बसते, आणि धूसर आभाळ हवं तिथे पट्टे दिसतात. 100 टक्के कॉटनचा, म्हणजे कापसाच्या तंतूंचा, 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) कोल्ड प्रेस, म्हणजे थोडा खरखरीत पोताचा, कागद पाणी आत धरून ठेवतो. तेवढ्या वेळात ढग, धूळ आणि लांबचे डोंगर एकमेकांत मिसळू देता येतात. मोकळ्या हाताच्या निसर्गचित्राचा जीव त्या मिसळण्यातच आहे, असं माझं ठाम मत झालंय.

वेरूळ रस्त्यावरून दिसणारा देवगिरी मी सारखा रंगवते. आधी पूर्ण कागदावर यलो ऑकरचा (मातकट पिवळ्या रंगाचा) अगदी पातळ वॉश. तो ओलसर असतानाच अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांचं दाट मिश्रण डोंगराच्या जागी सोडायचं. माथ्याची कड कागद वाळत आल्यावर धारदार करायची, पायथा मात्र धुरळ्यात विरघळू द्यायचा. तासलेल्या कड्यासाठी जवळजवळ सुका ब्रश आडवा फिरवला की पुरे. चांदमिनार म्हणजे एक उभा फटकारा. बुरूज, तटबंदी, झाडं मोजत बसलं की चित्र नकाशासारखं होतं.

अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना या दोन रंगांचं प्रमाण बदललं की तांबूस तपकिरीपासून थंड राखाडीपर्यंत सगळं मिळतं. पावसानंतरची काळी माती यातूनच होते, काळ्या रंगाची ट्यूब लागत नाही. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि बेसाल्टचा खरखरीतपणा आपोआप येतो. गुळगुळीत कागदावर तो तसा येत नाही.

पैठणला नाथसागरावर दुपारी पाणी नुसतं चकाकत असतं. तिथे चपट्या ब्रशात थोडाच रंग घेऊन तो कागदाला समांतर, झरझर ओढायचा. खळगे कोरे राहतात, तीच लकाकी. पांढरा रंग अजिबात नको.

आता तक्रारी. कागद महाग आहे, त्यात बोलणं नाही. मी 22×30 इंचाचा पूर्ण ताव घेऊन त्याचे आठ तुकडे करते आणि दोन्ही बाजू वापरते. एकदा ऑनलाइन मागवलेल्या तावांचे कोपरे दुमडून आले, तेव्हापासून दुकानात जाऊनच आणते. रंग कागदात मुरतो, म्हणून नंतर ओल्या ब्रशने उचलायला गेलं तर पूर्ण निघत नाही. पावसाळ्यात उलटी तऱ्हा: वॉश वाळता वाळत नाही, आणि पुढचा थर घाईने दिला की चिखल होतो. कागद दमट जागी राहिला तर त्याचं सायझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) बिघडतं, मग रंग टिपकागदासारखा शोषला जाऊन डाग पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा.

छायाप्रकाशाची छोटी कच्ची रेखाटनं मात्र साध्या वहीतच करा, त्यासाठी कॉटन वाया घालवू नका. रंगांत कॅम्लिनच्या आर्टिस्ट ट्यूब सुरुवातीला भरपूर झाल्या. ब्रश एकच घ्यायचा तर टोक नीट जुळणारा 10 नंबरचा गोल घ्या.